चौकटीवरची रेघ आणि बाकावरची आजी

आमच्या लातूरच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने ओढलेल्या बऱ्याच रेघा आहेत आणि त्यांच्यामध्ये एक लाल शाईची आहे. ती १४० सेंटिमीटरची. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणत्या थीम पार्कला जायचे, हा प्रश्न आमच्याकडे आता त्या रेघेपासून सुरू होतो. तिकिटाचे दर, अंतर आणि खेळांची संख्या यांचा विचार नंतर होतो.

हे शहाणपण एका फसलेल्या सहलीतून आले. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या पार्कात गेलो होतो. त्याचे नाव घेत नाही, कारण निम्मी चूक आमचीही होती. थोरली तेव्हा दहा वर्षांची होती आणि एका मोठ्या रोलर कोस्टरसाठी ती भर उन्हात पन्नास मिनिटे रांगेत उभी राहिली. रांगेच्या सुरुवातीला तिला कोणी मापले नाही. अगदी शेवटच्या पायरीवर मात्र कर्मचाऱ्याने तिला रंगवलेल्या पट्टीपाशी उभे केले आणि ती दोन बोटे कमी भरली. त्याच वेळी आई एका बाकावर पाच पिशव्या, सगळ्यांच्या चपला आणि माझा चष्मा सांभाळत बसली होती. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत ती तिथेच होती. मध्ये पाण्याची बाटली द्यायला गेलो, तेव्हा तिने तासाभरात तिसऱ्यांदा मला "किती वाजले रे?" असे विचारले. तिच्यासाठीही आम्ही पूर्ण तिकीट काढले होते.

घरी आल्यावर थोरलीने आजीच्या शिवणयंत्राच्या खणातली टेप आणली आणि चौकटीवर लाल रेघ ओढून घेतली. पुढे धाकट्या भावाने ती पोलादी टेपने पडताळली, तेव्हा रेघ चांगली दोन सेंटिमीटर वर निघाली, कारण वर्षानुवर्षे वापरून कापडी टेप ताणून लांबली होती. म्हणून आमच्या चौकटीवर एक खोडलेली लाल रेघ आहे आणि तिच्या खाली खरी. मुलांना या मापाचा फार राग येतो, पण त्यामागे कारण आहे. उलटे-पालटे फिरवणाऱ्या खेळांत माणसाला धरून ठेवतो तो खांद्यांवरून खाली येणारा दांडा. तो मोठ्या अंगाच्या मापाने केलेला असतो आणि लहान अंगावर तो नीट बसत नाही. मूल किती वर्षांचे आहे, याच्याशी त्या दांड्याला काही देणेघेणे नसते, म्हणून पार्कात वय न विचारता उंची मोजतात.

माझ्या लहानपणी थीम पार्क म्हणजे दूरदर्शनवरची एस्सेल वर्ल्डची जाहिरात, एवढाच आमचा संबंध होता. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला सुरू झालेल्या त्या पार्कात बोटीत बसून जावे लागते, हे ऐकूनच आम्हा औसा रोडवरच्या पोरांना ते परदेशासारखे वाटे. आम्ही कधी गेलो नाही आणि आता ते बंदही झाले. आज मात्र लातूरच्या माणसापुढे तीन दिशा आहेत आणि तिन्हींबद्दल आमच्या घरात एप्रिलभर रोज रात्री जेवताना चर्चा झाली.

पहिली दिशा पश्चिमेची, म्हणजे खोपोलीचे इमॅजिका. पुण्याच्या पुढे द्रुतगती मार्गालगत हे पार्क २०१३ मध्ये सुरू झाले. तिथला नायट्रो हा बिनतळाचा रोलर कोस्टर, ज्यात पाय अधांतरी लोंबकळतात, थोरलीने मोबाइलवर इतक्या वेळा पाहिला होता की त्यातली वळणे तिला पाठ झाली होती. अडचण अंतराची होती. लातूरहून बार्शी, टेंभुर्णी करत पुणे गाठायलाच सव्वातीनशेवर किलोमीटर होतात आणि खोपोली त्याच्या पुढे आहे. दुसरे असे की तिथे मुख्य पार्क, पाण्याचे पार्क आणि बर्फाचे पार्क यांची तिकिटे वेगवेगळी आहेत, त्यामुळे सगळे पाहायचे तर दोन दिवस आणि दोन हिशेब होतात. शिवाय घाटाखालचे मे महिन्यातले ऊन आमच्यासारखे कोरडे नसते. ते घामाचे ऊन असते. आमचे ४२ अंश आम्ही सावलीत बसून सोसतो, पण तिकडचे ३६ अंश सावलीतही सोडत नाहीत. पाऊस सुरू झाल्यावर जावे म्हटले, तर जोरदार सरी आणि विजा असताना उंच खेळ थांबवावेच लागतात.

दुसरी दिशा शिर्डीची. मराठवाड्यातली बहुतेक कुटुंबे हाच मार्ग धरतात आणि त्यात मोठा व्यवहारीपणा आहे, कारण बाबांचे दर्शन, वेट एन जॉय या जलपार्कातले पाणी आणि साईतीर्थ हे भक्तिपर पार्क एकाच गावात मिळते. संगमनेरच्या मालपाणी समूहाने शिर्डीतली ही दोन्ही पार्के उभी केली आणि २०२२ मध्ये इमॅजिकाही त्यांच्याकडे गेले. साईतीर्थात बसून पाहण्यासारखे बरेच असल्यामुळे म्हातारी माणसे कंटाळत नाहीत. आमच्या आईला तिथले लंकादहन अजून आठवते. परंतु शिर्डी आमची दोनदा झाली होती आणि थोरलीला पाण्यापेक्षा कोस्टर हवा होता.

राहिली पूर्वेची दिशा, हैदराबादची. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे कदाचित विचित्र वाटेल, पण आमच्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद परके नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचे राजधानीचे शहर तेच होते. कोर्टकचेरी, मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता यांसाठी माणसे तिकडे जात आणि काहीजण तिकडचेच होऊन राहत. आईची मावसबहीण अशीच लग्न होऊन काचीगुड्याला गेली, ती आज पंचावन्न वर्षे तिथेच आहे.

हैदराबादचे नाव निघाल्यावर आईने एकदाच तोंड उघडले. "नळाला आठ-आठ दिस पाणी येईना, अन् तुम्मी पैशे देऊन पाण्यात डुंबायला चाल्लाव?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडलेले होते आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी होते. थोरली तेव्हा तीन वर्षांची होती आणि ती गाडी पाहायला मी तिला खांद्यावर घेऊन गेलो होतो. त्याच महिन्यात हैदराबादला वंडरला हे थीम पार्क सुरू झाले, हे मला या सहलीची माहिती काढताना समजले आणि थोडा वेळ मी मोबाइल खाली ठेवला. पार्कातले पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा पुन्हा फिरवले जाते, हे मी आईला सांगितले. तिने ते ऐकून घेतले, पण मान डोलावली नाही.

निर्णय शेवटी बाकावरून झाला. या वेळी बाकावर कोणीही बसणार नाही, अशी अट बायकोने घातली आणि त्या अटीत फक्त हैदराबाद बसत होते. रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला ही दोन्ही ठिकाणे शहराच्या एकाच अंगाला आहेत. रामोजी विजयवाड्याच्या रस्त्यावर आणि वंडरला बाह्य वर्तुळाकार मार्गाच्या तेराव्या एक्झिटजवळ रावीर्यालला, त्यामुळे रिंगरोडने एकातून दुसरीकडे जायला तास लागत नाही. पहिला दिवस आईसह रामोजीला घालवावा, दुसऱ्या दिवशी तिला मावशीकडे सोडून आम्ही वंडरला गाठावे आणि रात्री तिला घेऊन परतावे, असे ठरले. तिकीट दर सोमवार ते शुक्रवार कमी असतात आणि गर्दीही तुलनेने कमी असते, म्हणून मी मंगळवार-बुधवारची रजा टाकली.

औसा, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा रस्ता आहे. उमरग्यापासून लागणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सोडायची गरजच पडत नाही. तोच पुढे हैदराबाद ओलांडून रामोजीच्या दारावरून जातो. बाहेरचे खाणे पार्कात नेता येत नसल्यामुळे धपाटे आणि शेंगांची चटणी आम्ही जहीराबादच्या अलीकडे चिंचेच्या सावलीत बसून संपवली.

रामोजीबद्दल माझ्या मनात शंका होती, कारण त्याला थीम पार्क म्हणावे की नाही, यावरच थोरलीचा आक्षेप होता. १९९६ मध्ये उभी राहिलेली ही चित्रनगरी जगातले सर्वांत मोठे स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात आहे, पण बारा वर्षांच्या मुलीला त्याचे काय? आईसाठी मात्र ती जागा जणू बेतून केलेली होती. मुख्य दारापासून आतपर्यंत त्यांचीच बस नेते, आतही बसमधून हिंडवतात आणि खाली उतरावे लागते ते थोडेच. खोट्या रेल्वे स्थानकावर आई बराच वेळ थांबली. फलाट खरा, बाक खरा, डबा उभा. फक्त चित्रीकरणाप्रमाणे गावाच्या नावाची पाटी बदलतात, असे मार्गदर्शक म्हणाला. तिने त्याला विचारले, "लातूरची पाटी हाय का?" त्याला मराठी समजले नाही, तरी तो हसून "हाँ माताजी" म्हणाला. पुढे एकाच इमारतीला चार बाजूंनी चार वेगळे चेहरे दिलेले दिसले आणि मागे गेल्यावर नुसत्या भिंतीला दिलेले टेकू दिसले. धाकट्याला ही फसवणूक इतकी आवडली की खरी इमारत दिसली तरी तो मागे जाऊन खात्री करू लागला. थोरली दुपारपर्यंत जांभया देत होती; फुलपाखरांच्या बागेत तिने थोडेफार फोटो काढले, एवढेच. थरारासाठी रामोजीला जाऊ नये, आणि घरात सत्तरीचे माणूस असेल तर ते टाळू नये, असे माझे मत झाले आहे.

दुसऱ्या दिवशी आईला काचीगुड्याला सोडले. दोघी बहिणी दारातच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. आम्ही निघालो हे त्यांना बहुधा कळलेही नाही.

वंडरला ही मूळ केरळची कंपनी. २००० मध्ये कोचीला पहिले पार्क, २००५ मध्ये बंगळूरला दुसरे आणि हैदराबादचे तिसरे. तिकीटही उंचीवर असते. १४० सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला कमी दर पडतो, म्हणजे जी रेघ ओलांडायला थोरली दोन वर्षे धडपडत होती, तिच्यामुळे आमचा खर्च वाढला. ती १४३ भरली. कर्मचाऱ्याने केसांचा अंबाडा तळहाताने दाबून पाहिला, तरी १४३. धाकटा १२१, पण त्याला त्याचे दुःख नव्हते, कारण लहानांच्या खेळांचा नकाशा त्याने आदल्या रात्रीच तोंडपाठ केला होता.

पाण्याचे खेळ दुपारी सुरू झाले, त्यामुळे सकाळचे दोन तास कोरड्या खेळांसाठी मिळाले आणि उन्हाळ्यात हा क्रम सोयीचा पडतो. रिकॉइल हा तिथला नावाजलेला कोस्टर. गाडी आधी पाठमोरी वर ओढली जाते, मग सुटते, उलटी होऊन फिरते, पलीकडे चढते आणि तोच सगळा मार्ग पुन्हा मागे मागे कापते. थोरलीबरोबर कोणी तरी मोठे हवे, म्हणून मी बसलो. चष्मा बायकोकडे दिलेला असल्याने मला काही दिसले नाही आणि ते बरेच झाले. पहिली फेरी संपून गाडी पलीकडच्या टोकावर क्षणभर थांबली, तेव्हा शेजारून थोरलीने शांतपणे सांगितले, "पप्पा, आता हेच उलटं." खाली उतरल्यावर माझे गुडघे ऐकत नव्हते आणि ती पुन्हा रांगेकडे धावत होती.

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. सुती कापड पाणी पिऊन जड होते आणि घसरगुंडीवर अडकते, म्हणून नायलॉनसारख्या कापडाचा पोहण्याचा पोशाख लागतो. साडी किंवा सलवार-कमीज घालून उतरता येत नाही. आमच्या बाजूच्या एका मोठ्या कुटुंबातल्या बायकांना हे दारात कळले आणि त्यांना आतल्या दुकानातून कपडे विकत घ्यावे लागले. आईला इथे आणले असते, तर इरकल नेसून ती पुन्हा बाकावरच बसली असती. लाटांच्या तलावात धाकटा दोन तास होता. प्रत्येक लाटेआधी तो मागे वळून आम्ही आहोत का ते पाही आणि मग लाटेकडे पाठ करून उभा राही.

मुलांना संध्याकाळचा मुक्काम हवा होता. मावशीनेही फार आग्रह केला. पण गुरुवारी पहाटे आमच्या गल्लीत नळाचा दिवस होता आणि टाकी बुडाशी गेलेली, म्हणून जेवण करून रात्री साडेआठला निघालो. परतताना आई जहीराबादपर्यंत बोलत होती. बहिणीने कोणत्या नातेवाइकाचे काय झाले ते सांगितले, कोण गेले, कोणाची सून कशी आहे, असे सगळे. मग तिला झोप लागली. घरी पोचायला दोन वाजले. ओले कपडे दोरीवर टाकून आम्ही आडवे झालो.

पाचला आईने दार वाजवले. "उठा रे, नळ आलाय." धाकटा डोळे न उघडताच उठला आणि बादली घेऊन अंगणात गेला.