तुम्ही विचारलंत म्हणून: मोडलेल्या खांद्याने चिखलदऱ्याचा घाट

परतवाड्याच्या अलीकडच्या एका गावात माझे औषधांचे दुकान आहे, आणि बामची ट्यूब किंवा गोळ्यांची पट्टी घेता घेता कोणी ना कोणी माझ्या डाव्या खांद्याकडे बघून विचारतेच, "ताई, हाड मोडल्यावरही घाट कसा काय चढता तुम्ही?" काउंटरवर गर्दी असताना याचे उत्तर "हळूहळू" एवढेच देता येते. सविस्तर उत्तर असे आहे की चढण्याचा प्रश्न मला फारसा पडलाच नाही, ते कितीतरी आधी परत आले. अडले होते ते उतरणे, आणि म्हणून बरेच महिने मी सायकलने वर जात होते आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून खाली येत होते.

पडले ते पावसाळा सरता सरता, घाटातल्या मोथा गावाच्या खालच्या एका वळणावर. पाण्याने वाहून आलेल्या गिट्टीवरून पुढचे चाक सरकले आणि मी डाव्या खांद्यावर आपटले. सायकलवरून पडणाऱ्यांचे जे हाड नेहमी मोडते तेच मोडले, म्हणजे कॉलरबोन, गळ्यापासून खांद्यापर्यंतचे आडवे हाड. हात धडाला हाडाने जोडलेला असतो तो या एकाच ठिकाणी, त्यामुळे खांद्यावर बसलेला मार सरळ या हाडातून जातो आणि ते बहुतेक वेळा मधल्या भागात तुटते, कारण तिथे त्याला स्नायूंचा आणि अस्थिबंधांचा आधार सर्वांत कमी असतो. टोके फारशी सरकली नसतील तर हात झोळीत ठेवून हाड आपोआप जुळू देतात. माझी सरकली होती, म्हणून प्लेट बसवावी लागली. मोठ्या माणसाचे हे हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात आणि लोकांना वाटते की तेवढ्यावर प्रकरण संपते. प्रत्यक्षात हाड जुळल्याचे एक्स-रेत दिसले तेव्हा मला डाव्या हाताने फळीवरचा सिरपचा खोकाही उतरवता येत नव्हता. कुर्त्याची बाही आधी दुखऱ्या हातात घालायची आणि काढताना मात्र तो हात सर्वांत शेवटी मोकळा करायचा, हे फिजिओथेरपीत मला पहिल्याच दिवशी शिकवले गेले आणि ती सवय अजूनही सुटलेली नाही.

आता चढण्याविषयी. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा तीसेक किलोमीटर आहे. परतवाडा-अचलपूरचा भाग समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा १११८ मीटरवर, म्हणजे सातशे मीटरांहून अधिक चढायचे असते, पण त्यातला सुरुवातीचा बराच रस्ता संत्र्याच्या बागांमधून आणि कपाशी-तुरीच्या शेतांमधून बऱ्यापैकी सपाट जातो आणि खरी चढण गढी मागे पडल्यावर लागते. या चढणीवर खांद्याला काम किती असते? सीटवर बसून, सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये, पेडलवर उभे न राहता चढले तर जवळजवळ नसतेच. माझ्या सायकलच्या पुढच्या लहान चकतीला ३४ दाते आहेत आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीलाही ३४, त्यामुळे पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, अर्थात सुमारे २.१ मीटर. मिनिटाला सत्तर फेऱ्या मारल्या तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या जरा आतच राहतो. त्या वेगात खड्ड्याचा हादरा म्हणण्यासारखा बसत नाही, ब्रेकला हात लावावा लागत नाही आणि चढावामुळे शरीराचा भार मागे सरकून सीटवर येतो. दम पायांचा आणि छातीचा लागतो, आणि तो घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सरळ बसून पेडल मारत मी बऱ्यापैकी टिकवला होता. डॉक्टरांनी रस्त्यावर जायला हरकत नाही म्हटल्यानंतर काही आठवड्यांतच मी मोथ्यापर्यंत चढून गेले, आणि ते बघून गावातल्या लोकांनी मी पूर्ण बरी झाल्याचे जाहीर करून टाकले.

उतरताना सगळे उलटे होते. उतारावर शरीराचा भार पुढे सरकतो, ब्रेक दाबला की आणखी पुढे येतो आणि तो पेलायचा असतो दोन्ही तळहातांनी, कोपरांनी आणि शेवटी त्याच हाडाने. वेगाचा हिशेबही माणसाला सहज उमगत नाही: ताशी वीसऐवजी चाळीसने येत असाल तर ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. वळणावर समोरून एसटीचा भोंगा ऐकू आला की बोटांनी ब्रेक नेमका दाबून धरायचा असतो, आणि माझ्या डाव्या हाताची पकड दहा मिनिटांतच सैल पडू लागे. अंगठ्याच्या मुळाशी आधी बारीक थरथर सुरू व्हायची, मग करंगळी बधिर व्हायची, आणि मग मी नकळत उजव्याच ब्रेकवर विसंबू लागत असे. हिवाळ्यात सूर्य वर यायच्या आधी पठारावरून निघाले तर गारठलेली बोटे त्यात भर घालत. भीतीही होतीच, परंतु तिच्याविषयी लोक जितके विचारतात तितके तिचे काम नव्हते. हात खरोखरच कमजोर होता आणि भीती त्याची रास्त दखल घेत होती.

म्हणून मी मोथ्याला गवळ्यांच्या वस्तीपाशी थांबत असे. तिथे सकाळी खव्याच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. लोखंडी कढईत दूध आटत असते आणि ते ढवळणारा माणूस एकदाही हात न थांबवता तुमच्याशी गप्पा मारतो. खवा घेऊन परतवाड्याला उतरणाऱ्या एखाद्या छोट्या हत्तीत डब्यांच्या शेजारी सायकल आडवी टाकायची आणि पुढे बसून खाली यायचे, असा शिरस्ता पडला. घाटात मला वारंवार चढताना पाहिलेल्या एका ड्रायव्हरने न राहवून विचारलेच, "ताई, चढतानी तर रोज दिसता, उतरतानी काहून नाही दिसत?" त्याला कारण सांगितले तेव्हा तो म्हणाला की त्याच्या गाडीचेही घाटात तसेच असते, इंजिन चढते आणि ब्रेक उतरतो. सायकल चालवणाऱ्या ओळखीच्या काही जणांना मात्र हा प्रकार लाजिरवाणा वाटला आणि "अर्धाच घाट" असे म्हणून त्यांनी तो हसण्यावारी नेला. मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. जे अंग बरे झाले आहे त्याला काम द्यावे आणि जे झाले नाही त्याला थांबवून ठेवावे, यात बुद्धीचे असे काही फार नाही, पण आपल्याकडे दुखण्यातून उठलेल्या माणसाने एकतर पलंगावर पडून राहावे किंवा पहिल्यासारखे होऊन दाखवावे अशी अपेक्षा असते.

उतरणे परत आले ते तुकड्यातुकड्याने. आधी गढीच्या वरच्या पहिल्या काही वळणांपर्यंतच चढायचे आणि तेवढेच उतरायचे, ते सहज होऊ लागले की पुढचे वळण. सायकलमध्येही बदल केले. हँडल थोडे उंच आणि जवळ घेतले, त्यामुळे हातांवरचा भार कमी झाला. अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर काढून पस्तीसचे बसवले आणि त्यांत हवा कमी ठेवू लागले, कारण रुंद टायर कमी हवेवर चालतो आणि रस्त्याची थरथर बरीचशी तोच खाऊन टाकतो. चाकाच्या मधल्या तबकडीला धरणाऱ्या डिस्क ब्रेकला बोटांचा जोर कमी लागतो, शिवाय लांब उतारावर चाकाची कड, म्हणजे रिम, तापण्याची चिंता राहत नाही. मी पूर्वी ज्याला उगाच केलेला खर्च समजत असे त्यातला हा एक होता. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा आणि सरळ रस्त्यावर हात मोकळे करून झटकायचे, हे नव्याने अंगवळणी पाडून घेतले.

लांब पल्ल्याच्या प्रवासाचा प्रश्न याहून वेगळा निघाला. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३०० ला २० तास मिळतात, आणि सगळे अंतर स्वतःच सायकलवर कापावे लागते. तिथे खव्याची गाडी चालत नाही. घाट उतरता येऊ लागल्यावर मला वाटले की आता हे सोपे आहे. प्रत्यक्षात खांद्याने सर्वांत जास्त त्रास दिला तो परतवाडा ते अमरावती या सपाट रस्त्यावर. घाटात माणूस सतत हलत असतो, बसण्याची ढब बदलते, हातांची जागा बदलते. सपाटीवर मात्र तासन्‌तास एकाच ढबीत मान आणि खांदे ताठ राहतात आणि मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंत कळ उतरते. त्यावर उपाय म्हणून मी दर अर्ध्या तासाने हातांची जागा बदलते, चढ नसला तरी मधूनच पेडलवर उभी राहते आणि घरी पाठीच्या व खांद्याच्या पात्याच्या स्नायूंचे व्यायाम आजही चुकवत नाही.

दुकानात याला जोडून येणारा प्रश्न गोळीचा असतो: निघण्यापूर्वी एखादी दुखण्याची गोळी घेतली तर? ती मी स्वतः घेत नाही आणि कोणाला घ्या म्हणतही नाही. थांबायची वेळ झाली हे मला दुखण्यावरूनच कळत होते, ते बुजवून उतारावर जाणे धोक्याचे. शिवाय आपल्याकडच्या उन्हात घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

किती दिवसांनी सुरू करावे, हे मात्र मी कोणाला सांगत नाही. ते एक्स-रे पाहणाऱ्याने सांगायचे. एवढे विचारते की भिंतीला हात टेकून जोर काढता येतात का, दुखऱ्या हाताने पाण्याने भरलेली बादली अंगणापर्यंत नेता येते का आणि ब्रेक पाच मिनिटे थांबून थांबून दाबला तर बोटे साथ देतात का. यातले काही जमत नसेल तर चढून जावे आणि मोथ्याला गाडी पाहावी. श्रावणातल्या शनिवार-रविवारी घाटात धुके असते, रस्ता ओला असतो आणि पर्यटकांच्या गाड्या वळणावरच फोटोसाठी थांबतात; त्या दिवसांत मी अजूनही तेच करते.