कंट्रोलच्या नळीत सापडलेले उत्तर

जीवरसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले. ‘सर्व विकरे ही प्रथिनेच असतात : चूक की बरोबर?’ हा एका गुणाचा प्रश्न त्यात वरचेवर येत असे आणि नमुना उत्तरात त्यापुढे ‘बरोबर’ असे छापलेले असे. विकरे म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे रेणू. एका वर्षी एका विद्यार्थिनीने ‘चूक’ असे लिहून शेजारी ‘आरएनेज पी’ हे एका विकराचे नाव, एवढेच दोन शब्द जोडले होते. तिला गुण मिळावा म्हणून मी वरिष्ठ परीक्षकांशी वाद घातला, पण नमुना उत्तर बदलता येत नाही असे सांगून त्यांनी तो विषय मिटवला. त्या दोन शब्दांमागे सिडनी ऑल्टमन या संशोधकाच्या आयुष्याची बारा-तेरा वर्षे आहेत आणि त्यांतली निम्मी तरी हातात आलेले उत्तर न ओळखता गेली आहेत, हे त्या दिवशी कोणाला सांगायचे राहून गेले.

ऑल्टमन यांचा जन्म १९३९ सालचा, कॅनडातल्या माँट्रियलमधला. आईवडील स्थलांतरित होते. आई कापडगिरणीत काम करत असे, वडिलांचे किराणा दुकान होते. एमआयटीतून त्यांनी पदवी घेतली ती भौतिकशास्त्राची. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात लेनर्ड लर्मन यांच्या हाताखाली, ॲक्रिडीन रंगद्रव्यांचा टी-४ या जिवाणुभक्षक विषाणूच्या डीएनएवर काय परिणाम होतो, या विषयावर त्यांनी १९६७ साली पीएचडी मिळवली. हार्वर्डमध्ये मॅथ्यू मेसेल्सन यांच्याकडे काही काळ काढून १९६९ साली ते केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्सिस क्रिक यांच्या गटात दाखल झाले.

तेथे त्यांनी ई. कोलाय या जिवाणूतील टायरोसिन हे अमिनो आम्ल प्रथिनबांधणीसाठी वाहून आणणाऱ्या वाहक आरएनएचे (आरएनए म्हणजे जनुकातल्या डीएनएवरून उतरवला जाणारा रेणू) उत्परिवर्तित प्रकार अभ्यासायला घेतले. काही प्रकारांत तयार वाहक आरएनए फारच कमी मिळत होता. मग जनुकावरून उतरवलेला माल जातो कोठे, या प्रश्नाचा त्यांनी पाठपुरावा केला. जिवाणूंना किरणोत्सारी फॉस्फरस अगदी थोडा वेळ द्यायचा आणि लगेच फिनॉल ओतून पेशीतले सारे व्यवहार जागच्या जागी थांबवायचे, अशी युक्ती त्यांनी केली. आरएनए हाताळलेल्या कोणालाही या घाईचे मर्म लगेच कळेल. विद्यार्थिदशेत मी स्वतः दोन दिवस खपून काढलेला आरएनए, हातमोज्याविना एकदा झाकण उघडल्यामुळे, रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर नुसता धुरकट पट्टा होऊन उमटलेला पाहिला आहे. आपल्या बोटांच्या घामातही आरएनए कापणारी विकरे असतात, आणि पेशीच्या आत तर कापाकापी अखंड चालू असते.

ती कापाकापी होण्याआधीचा रेणू ऑल्टमन यांच्या हाती लागला. तयार वाहक आरएनए ८५ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आरएनएच्या साखळीतल्या ८५ दुव्यांचा, तर हा पूर्वरूपी रेणू १२९ न्यूक्लिओटाइडांचा होता. पुढच्या टोकाला ४१ आणि मागच्या टोकाला ३ अशी जादा शेपटे त्याला होती. १९७१ साली त्यांनी आणि जॉन स्मिथ यांनी त्याचा क्रम प्रसिद्ध केला. पुढचे शेपूट नेमक्या एका जागी छाटणारे विकर जिवाणूच्या अर्कात होते. त्याला आरएनेज पी हे नाव मिळाले आणि त्यातला ‘पी’ हा पूर्वरूपासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे.

१९७१ सालीच ऑल्टमन येल विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले आणि हे विकर शुद्ध करण्याचे काम सुरू झाले. मला या सगळ्या प्रवासातला हाच टप्पा सर्वांत आवडतो, कारण यात चमकदार असे काहीच नाही. विकर कितीही शुद्ध केले तरी त्याबरोबर आरएनएचा एक मोठा रेणू येतच राहिला. असे काही दिसले की पहिला विचार येतो तो मळाचा : अर्कात आरएनए मुबलक असतो, तेव्हा थोडा चिकटून आला असेल. बेंजामिन स्टार्क या त्यांच्या संशोधक विद्यार्थ्याने हा मळ काढून टाकण्यासाठी आरएनए नष्ट करणारे विकर वापरले, तेव्हा आरएनेज पी निकामी झाले. प्रथिन मोडले तरी ते निकामी होत होते. म्हणजे दोन्ही भाग आवश्यक होते, आणि १९७८ साली हा निष्कर्ष छापून आला. पुढच्या वर्षी रिशार्ड कोले आणि ऑल्टमन यांनी दोन्ही भाग वेगळे करून पुन्हा एकत्र आणले आणि गेलेली क्रिया परत मिळवून दाखवली.

यापुढचा प्रश्न कोणीही विचारील : यांपैकी कापतो कोण? आरएनएचा भाग ३७७ न्यूक्लिओटाइडांचा, प्रथिन अवघे ११९ अमिनो आम्लांचे; वजनाने पाहिले तर जवळजवळ नऊ दशांश हिस्सा आरएनएचा. तरीही कापण्याचे काम प्रथिनाचेच असणार असे सर्वांनी गृहीत धरले. याला कारण होते. जेम्स समनर यांनी १९२६ साली युरीएजचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखवल्यापासून अर्धशतकभर तपासलेले प्रत्येक विकर प्रथिनच निघाले होते. एकटा आरएनए हे काम करत असेल असे सुचवण्याचे धाडस आपल्याला झाले नाही आणि तशी शंकाही आली नाही, अशी कबुली ऑल्टमन यांनी पुढे नोबेल व्याख्यानात स्वच्छ शब्दांत दिली आहे.

उत्तर आले ते भलत्याच प्रयोगातून. नॉर्मन पेस यांचा गट बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूच्या आरएनेज पीवर काम करत होता. एका जिवाणूचा आरएनए आणि दुसऱ्याचे प्रथिन एकत्र केले तर विकर चालते का, हे दोन्ही गटांना पाहायचे होते. पेस यांच्या गटाच्या द्रावणात मॅग्नेशियमचे प्रमाण येलमधल्या नेहमीच्या द्रावणाच्या मानाने बरेच अधिक होते. येलमध्ये सिसिलिया गेरिए-ताकादा यांनी त्या द्रावणात प्रयोग लावला, तेव्हा शिस्तीप्रमाणे नुसत्या आरएनएची एक नळीही कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवली. काहीच घडू नये म्हणून ठेवलेल्या त्या नळीत पूर्वरूपी आरएनए नेमक्या जागी कापला गेला होता.

त्यामागचे रसायन समजायला सोपे आहे. कापणारा आणि कापला जाणारा, दोन्ही आरएनए, म्हणजे दोघांवरही ऋण प्रभार आणि त्यामुळे परस्परांत अपकर्षण. धन प्रभाराचे भरपूर मॅग्नेशियम हे अपकर्षण शमवते. जिवाणूच्या पेशीत तेवढे मॅग्नेशियम मोकळे नसल्यामुळे तेथे प्रथिनाची मदत लागते. इतकी वर्षे प्रथिन अपरिहार्य वाटत राहिले ते द्रावणामुळे.

डिसेंबर १९८३ मध्ये हा शोध ‘सेल’ या नियतकालिकात आला. थोडे प्रथिन चिकटून राहिले असेल, ही शंका येणारच होती. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी जनुकावरून नळीतच आरएनए तयार केला, ज्याला आरएनेज पीच्या प्रथिनाचा स्पर्शही झालेला नव्हता. तोही कापत होता. थॉमस चेक यांनी १९८२ साली टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात स्वतःलाच कापून जोडणारा आरएनए दाखवला होता, पण तो त्या क्रियेत स्वतः बदलून जातो. आरएनेज पीचा आरएनए मात्र एक रेणू कापून झाला की जसाच्या तसा दुसऱ्याकडे वळतो, आणि उत्प्रेरकाची व्याख्या तर हीच आहे. १९८९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना विभागून मिळाले. स्टार्क आणि गेरिए-ताकादा यांची नावे पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतात, याची मला खंत वाटते.

ऑल्टमन यांनी नंतरही हाच जिवाणू आणि हेच विकर सोडले नाही. लहान मार्गदर्शक आरएनए देऊन आरएनेज पीकडून हवा तो संदेशवाहक आरएनए (जनुकातली प्रथिनाची कृती वाहून नेणारा) कापून घेता येतो, हे त्यांच्या गटाने दाखवले आणि १९९७ साली त्याच मार्गाने प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय पुन्हा औषधाला बळी पडतील असे केले. ५ एप्रिल २०२२ रोजी ते वारले.

दरम्यान, २००८ साली मानवी मायटोकाँड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातला) आरएनेज पी हा आरएनएविना, केवळ प्रथिनांचा असल्याचे सिद्ध झाले. तेव्हा ‘आरएनेज पी’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला आज मी अर्धा गुण देऊन ‘कोणाचा?’ असे लाल शाईने विचारले असते.