घरंगळणाऱ्या गोळ्याचे गणित

जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या मेकॅनिक्सचा अभ्यास आम्ही धरमपेठेत मित्राच्या घरी एकत्र करतो, आणि सर्वाधिक वेळ उत्तर काढण्यात नव्हे, तर आकृतीत बले दाखवण्यात जातो. परवा उतारावरून न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोळ्यावर घर्षणाची दिशा कोणती, यावर बराच वाद झाला. गुरुत्वबल आणि लंबप्रतिक्रिया (उताराचा पृष्ठभाग गोळ्यावर लंब दिशेने लावतो ते बल) दोन्ही केंद्रातून जात असल्याने गोळ्याला फिरवणारे आघूर्ण केवळ घर्षणच देते, हे मैत्रिणीने वहीत बाण काढून दाखवले, तेव्हा ती दिशा उताराच्या वरच असणार, हे सर्वांना पटले. गोळ्याचे त्वरण घर्षणरहित उतारावरील त्वरणाच्या ५/७ पट येते, पातळ कड्याचे (रिंगचे) मात्र निम्मेच. वस्तुमान आणि त्रिज्या समीकरणातून निघूनच जातात, हे मला फार सुंदर वाटते. पुढच्या बैठकीला टकरींची गणिते घेणार आहोत.