आईच्या फोनवरचं राखाडी बटण

आईच्या फोनवरच्या जाहिराती घालवायला मला शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत वेळ लागला. त्यातला बहुतेक वेळ एका बटणापाशी गेला. बटणावर 'अनइन्स्टॉल' लिहिलेलं, पण रंग राखाडी, आणि कितीही दाबलं तरी ढिम्म. दोन आठवडे झाले, अजून आठवलं की डोकं तापतं.

महिनाभर आई सांगत होती, "अगं, मध्येच काहीतरी येतं." मी पुण्यातून सांगायची, क्रॉस दाब. कराडला जाऊन स्वतः पाहिलं तेव्हा लाज वाटली. ती हरिपाठ लावायला गेली आणि अख्खा स्क्रीन पत्त्यांच्या खेळाच्या जाहिरातीने भरला. क्रॉस मोहरीएवढा, पांढऱ्यावर फिकट करडा, तोही पाच-सहा सेकंदांनी उगवणारा. भांडी घासून भेगाळलेला अंगठा त्यावर नेमका टेकत नाही. जरा बाजूला पडला की जाहिरातच उघडते. दूधवाल्याला पैसे पाठवताना ऐन पिन टाकायच्या वेळी असंच झालं, तेव्हापासून तिने फोनवरून पैसे देणंच सोडलं होतं. "माझंच काहीतरी चुकतंय बघ," म्हणाली. ते मला फार लागलं, कारण तिचं काहीच चुकत नव्हतं.

शुक्रवारी रात्री क्रोमच्या साइट सेटिंग्ज पाहिल्या. 'पॉप-अप आणि रीडायरेक्ट' आधीच बंद होतं. 'सूचना' या भागात मात्र सात-आठ अनोळखी साइट्सना परवानगी दिलेली होती. 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस' असले संदेश तिथून येत होते. सगळ्या काढल्या, दहा मिनिटांत झालं. सकाळी चहा गाळता गाळता तिने फोन उघडला, क्रोम बंद, दुसरंही काही चालू नाही, आणि जाहिरात हजर.

मला जे तेव्हाच कळायला हवं होतं ते दुपारी कळलं. ब्राउझर बंद असताना जाहिरात अख्खा स्क्रीन अडवते, म्हणजे ती वेबसाइटची नाही, फोनमधल्या कुठल्या तरी अ‍ॅपची आहे. आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांचा, म्हणजे पॉप-अपचा, बराचसा बंदोबस्त ब्राउझरांनी कधीच केलाय. २००४ साली पॉप-अप अडवणारं फायरफॉक्स १.० आलं, त्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने इंटरनेट एक्सप्लोररमध्येही ती सोय आणली. नव्वदीच्या दशकात ट्रायपॉड या साइटवर काम करताना असल्या खिडकीचा कोड लिहिणारे ईथन झुकरमन यांनी तर २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. जाहिरात त्या पानाचीच आहे असं वाटू नये म्हणून तिला वेगळी खिडकी दिली होती. आईच्या फोनवरही नेमका तोच त्रास होता. जाहिरात दिसते, पण कुणाची ते कळत नाही.

बाजारातल्या एका मोबाईलवाल्याने फोन हातातही न घेता सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल, तीनशे रुपये." त्या फोनमध्ये बाबांचे शेवटच्या वर्षातले फोटो आहेत. मी फोन घेऊन परत आले.

मग शोधाशोध. जाहिरात आली की लगेच चौकोनाचं बटण दाबायचं, चालू अ‍ॅप्सच्या कार्डांवर तिच्या मालकाचं चिन्ह दिसतं, असं वाचलं होतं. इथे कार्ड कोरंच. शेवटी कुठलं अ‍ॅप किती वेळ चाललं ते दाखवणाऱ्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये सापडलं. आईने ज्याचं नावही ऐकलं नव्हतं असं फोन साफ करणारं एक अ‍ॅप, त्या दिवशी १ तास ४० मिनिटं चाललेलं. तेरा व्हायरसच्या भीतीने तिने कधीतरी 'आता साफ करा' दाबलं असणार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ 'डार्क पॅटर्न'ना, म्हणजे स्क्रीनवरून ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांना, मनाई केली, त्यात व्हायरसची खोटी भीती घालून खरंच घातक सॉफ्टवेअर गळ्यात मारण्याचा प्रकारही आहे. म्हणजे माझा संताप नुसता संताप नव्हता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर.

अ‍ॅप सापडलं आणि मग ते बटण. 'सक्तीने थांबवा' दाबलं, अर्ध्या तासात पुन्हा चालू. फोन बंद करून पाहिला, बटण राखाडीच. सेफ मोडमध्ये नेला, म्हणजे बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स बंद ठेवून फोन चालू केला (पॉवरचं बटण दाबून 'बंद करा' दिसलं की त्यावर बोट दाबून धरायचं, काही फोनवर पद्धत वेगळी असते). जाहिराती थांबल्या, पण बटण अजूनही राखाडी! रात्री अकराला मी सेटिंग्जमधली एकेक ओळ वाचत होते. 'सुरक्षा'च्या पोटात, अगदी तळाशी, 'डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स' अशी यादी असते. तिथे हे अ‍ॅप टिकमार्क लावून बसलं होतं. म्हणजे या फोनचा कारभारी तोच, त्याला काढणार कोण!

टिक काढायला गेले तर स्क्रीनच लॉक झाला. तीनदा. तोपर्यंत मी फोन साध्या मोडमध्ये आणला होता, तीच माझी चूक. रविवारी पुन्हा सेफ मोड, आधी अ‍ॅडमिनची टिक काढली, मग अ‍ॅपच्या पानावर आले. बटण उजळलं होतं. दाबताना आईला जवळ बोलावलं.

सेफ मोडआधी होम स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, विजेट्स नंतर गायब होतात. आणि 'विशेष अ‍ॅक्सेस'मध्ये दोन याद्या पाहाच. 'इतर अ‍ॅप्सवर दिसणे' यात नको ती नावं बंद करा. 'अनोळखी अ‍ॅप्स इन्स्टॉल करणे' यात आईच्या क्रोमला परवानगी होती, ते अ‍ॅप तिथूनच आत आलं होतं. घातक अ‍ॅप्स तपासणारं गूगलचं प्ले प्रोटेक्टही बंद होतं, ते चालू केलं. क्रॉस सापडत नसेल तर शोधत बसू नका, होमचं बटण दाबा.

संध्याकाळी माझी एसटी सुटायच्या आधी आईने दूधवाल्याचे तीन आठवड्यांचे पैसे फोनवरून दिले. पिन टाकताना ती थांबली, स्क्रीनकडे नीट पाहिलं, आणि मग चारही आकडे टाकले.