मंदीनंतर वैमानिकांची भरती: आधी कोण, मग कोण

‘वैमानिकांचा तुटवडा’ अशी बातमी आली की नुकतंच सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात पडलेली मुलं हरखून जातात. पण तुटवडा असतो तो कॅप्टनचा. कॅप्टन व्हायला एटीपीएल हा वरचा परवाना लागतो, त्याला उड्डाणाचे १,५०० तास. सीपीएल २०० तासांत होतं. म्हणून मंदी ओसरली की कंपनी आधी बिनपगारी रजेवर पाठवलेले आपले वैमानिक बोलावते, मग दुसरीकडचे कॅप्टन, मग टाइप रेटिंग असलेले फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. २०० तासवाले सगळ्यात शेवटी.

टाइप रेटिंग म्हणजे त्या विशिष्ट विमानाचा परवाना. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज थांबली, तेव्हा तिच्या बोइंग ७३७वाल्यांना स्पाइसजेटचं दार होतं, कारण तिथेही ७३७च. मे २०२३मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तिचे वैमानिक एअरबस ए३२०चे, म्हणजे इंडिगो आणि एअर इंडियाच्या कामाचे. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती सगळी यायला कित्येक वर्षं लागणार, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. नोकरीची खात्री नसताना लाखो रुपये घालून स्वतःच रेटिंग विकत घेणं मला तरी जुगार वाटतो. चुकीच्या विमानाचं घेतलं तर पैसे बुडालेच.

थांबायची वेळ आली तर कागद जिवंत ठेवा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी, वर्षाचं; चाळिशीआत क्लास वन मेडिकल ही वैद्यकीय तपासणीही वर्षाचीच. सीपीएलसाठी अर्ज करायचा असेल तर पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक) म्हणून किमान १५ तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले हवेत. लेखी पेपर किंवा आरटीआर (रेडिओ वापरण्याचा परवाना) अडकला की नेमके हेच तास शिळे होतात आणि परत पैसे मोजून उडावं लागतं.

सिम्युलेटर चाचणीत खंड लगेच दिसतो. ऑटोपायलट बंद, आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर, उतरायचं. सराव नसलेल्याची नजर ग्लाइडस्लोपच्या (उतरण्याचा योग्य उतार दाखवणाऱ्या) खुणेवर खिळते, तोवर इकडे स्पीड दहा नॉट घसरलेला. त्यामुळे चाचणीच्या आदल्या आठवड्यात सिम्युलेटरची दोन-तीन सत्रं तरी विकत घ्याच, आणि त्यात ऑटोपायलटला हात लावू नका.

गोंदिया, बारामती, धुळ्याकडे उड्डाण शाळेत इन्स्ट्रक्टरचं काम मिळालं तर पगार बघत बसू नका. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग वेगळं काढावं लागतं, पण तास वाढतात आणि लॉगबुकात भोक पडत नाही.