हार्डली म्हणजे ‘मुश्किलीने’

‘ही हार्डली वर्क्स’ असं अर्जाच्या इंग्रजी शिफारसपत्रात लिहिलं, तर लिहिणाऱ्याला कौतुक करायचं असतं आणि हातून निंदा होते. ‘तो फारसं कामच करत नाही’ असा त्याचा अर्थ. कष्टाळूपणा सांगायचा तर ‘ही वर्क्स हार्ड’ एवढंच पुरे.

घोळाचं मूळ जुनं आहे. जुन्या इंग्रजीत ‘हार्ड’ या विशेषणाला शेवटी ‘ए’ लावून क्रियाविशेषण होत असे. पुढे तो ‘ए’ गळाला आणि दोन्ही रूपं सारखीच दिसू लागली. दुसरं रूप ‘ली’ लावून झालं, तेच हार्डली. त्याचा आधीचा अर्थ कठोरपणे, नेटाने. मग कष्टाने, मुश्किलीने. आणि शेवटी जेमतेम. मराठीत हीच वाट दिसते. ‘मुश्किलीने दहा माणसं आली असतील’ म्हणताना त्या माणसांना यायला त्रास झाला असं आपल्याला म्हणायचं नसतं; आली तीच थोडी, एवढंच. म्हणून हार्डली अडलं की मनात ‘मुश्किलीने’ ठेवून पाहावं.

‘फारसं’ ठेवलं की मात्र चूक होते, कारण फारसंला ‘नाही’ लागतं. त्यातून ‘आय डोन्ट हार्डली नो हिम’ तयार होतं. हार्डलीच्या पोटात नकार आधीच आहे, तेव्हा ‘आय हार्डली नो हिम’. याच कारणाने पुढचा पुच्छप्रश्न, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेला छोटा प्रश्न, होकारार्थी येतो: ‘शी हार्डली स्पीक्स, डझ शी?’

जागा मुख्य क्रियापदाच्या आधी, सहायक असेल तर त्याच्या नंतर: ‘आय कॅन हार्डली सी’. ‘एनी’ आणि ‘एव्हर’शी त्याचं छान जमतं, ‘हार्डली एव्हर’ म्हणजे क्वचितच. आकड्याशी जपून. ‘हार्डली दहा मिनिटं लागतील’ हे आपल्या बोलण्यात रुळलंय, पण इंग्रजी लिहिताना तिथे ‘ओन्ली अबाउट’ किंवा ‘बेअरली’ जास्त सहज वाटतं.

वाक्याच्या सुरुवातीला आलं तर क्रम उलटतो आणि जोडीला ‘व्हेन’ येतं: ‘हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग’, बसतो न बसतो तोच फोन वाजला. इथे ‘दॅन’ घालण्याची चूक फार होते. ‘दॅन’ची जोडी ‘नो सूनर’शी, तिथे ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, हार्डलीत तुलना नाहीच.