बाहत्तरचा दुष्काळ आणि आम्ही इतिहासाचे शिक्षक

आठवी-नववीच्या मुलांच्या इतिहास प्रकल्पांना मार्गदर्शन कसं करावं, यासाठी आमच्या आटपाडी तालुक्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी एकच अट घातली. प्रत्येक शिक्षकाने आधी स्वतः एक छोटा प्रकल्प पुरा करायचा. मुलांना काय सांगायचं ते त्यानंतर ठरवू.

अटीमागे कारण होतं. आपल्याकडे प्रकल्प म्हटला की सुबक मुखपृष्ठ, ऋणनिर्देश, स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रं आणि चार पानं उतरवून काढलेला मजकूर. विषय ठरलेले: शिवकालीन किल्ले, स्वातंत्र्यलढा, समाजसुधारक. विषय चांगलेच आहेत, पण त्यात मुलाने स्वतः शोधलेलं काही नसतं. याचा दोष मी शिक्षकांना देणार नाही. दहावीला आम्ही इतिहासलेखनाची परंपरा शिकवतो, रांके आणि राजवाडे या इतिहासकारांवर उत्तरं लिहून घेतो. पण आपल्याच गावातला एक जुना कागद हातात धरून त्याला प्रश्न कसा विचारायचा, हे बी.एड.लाही कुणी आमच्याकडून करून घेतलेलं नव्हतं.

विषय सगळ्यांना एकच दिला, १९७२चा दुष्काळ. त्यातही एक वाक्य पुढे ठेवलं. २०१२-१३च्या दुष्काळात ते ज्याच्या त्याच्या तोंडी होतं: ‘बाहत्तरला अन्नाचा दुष्काळ होता, पाण्याचा नव्हता.’ आपल्या गावाला हे लागू पडतं का, एवढंच शोधायचं. ‘दुष्काळ’ या विषयावर शंभर पानं लिहिता येतात आणि त्यातून काही कळत नाही. प्रश्न लहान असला की कुठला कागद बघायचा आणि कुणाला भेटायचं हे आपोआप ठरतं. माझ्या मते मार्गदर्शक शिक्षकाचं निम्मं काम इथेच होतं, विषयाचा प्रश्न करण्यात.

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून आम्ही दुपारी जमायचो. पहिलं साधन शाळेच्याच कपाटात निघालं, जनरल रजिस्टर. त्यात दाखल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, एकही नाव न उतरवता, १९७० ते १९७४ या वर्षांत किती मुलांनी शाळा सोडली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, याचा तक्ता प्रत्येकाने आपापल्या शाळेचा केला. इतकी वर्षं दाखला लिहिण्यापुरतं उघडलेलं ते रजिस्टर शिक्षक पहिल्यांदा वाचत होते. कुठे ‘परगावी गेल्याने’, कुठे ‘कामास जात असल्याने’. दुसरं साधन १९६१ आणि १९७१च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. त्यात गावागणिक पिण्याच्या पाण्याची सोय काय होती याची नोंद असते. दुष्काळाच्या तोंडावर गावात विहीर होती की नाही, हे त्यावरून समजतं. त्या विहिरीला पाणी किती होतं, हे मात्र माणसांनाच विचारावं लागतं.

मुलाखतींवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. ‘दुष्काळात तुमचे फार हाल झाले असतील ना?’ असं विचारलं की समोरचं माणूस ‘व्हय बाबा, लई हाल’ म्हणतं आणि बोलणं तिथेच संपतं. उत्तर आपणच आधी सांगून टाकलेलं असतं. म्हणून एकमेकांवर सराव केला. सकाळी उठल्यावर पहिलं पाणी कुठून यायचं? आणायला कोण जायचं? दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातलं कोण होतं, आणि तान्ह्या पोराला कुठे ठेवायचं? असे प्रश्न विचारले की माणसं खुलतात. मग अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी निघतात, कामावर मिळणारी सुकडी निघते, जनावरं कवडीमोलाने विकल्याचं दुःख निघतं. एक गोष्ट मी आग्रहाने सांगत असे. म्हातारं माणूस बोलता बोलता गप्प झालं, तर शिक्षकाने किंवा मुलाने लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. आणि नको म्हणालं, तर वही मिटावी.

सालाचा घोळ तर हमखास होतो. एका गावात सगळे सांगत होते की पाझर तलाव बाहत्तरला रोजगार हमीतून झाला. ग्रामपंचायतीच्या कागदात मात्र त्याचं साल बरंच पुढचं होतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी या हमी योजनेचा पहिला प्रयोग आमच्याच सांगली जिल्ह्यात विसापूरला १९६५मध्ये केला. रोजगार हमीचा कायदा १९७७चा आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९पासूनचा. म्हणजे दुष्काळी कामं आणि नंतरची हमीची कामं लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळली होती. ‘मग म्हातारी माणसं चुकीचं सांगतात असंच लिहायचं ना?’ असं एका शिक्षकांनी विचारलं. तसं नाही. साल कागदावरून घ्यावं. पण पाटी कशी भरायची, हजेरी कोण घ्यायचं, मुकादम कसा वागायचा, हे कागदात कुठेच नाही, ते माणसांकडूनच घ्यावं. दोन्ही शेजारी शेजारी लिहावं. साल बसवायला एक युक्ती आम्हाला फार कामी आली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, आणि तो आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पक्का आठवतो. ‘हे भूकंपाआधीचं की नंतरचं?’, ‘थोरला तेव्हा चालत होता का?’ असं विचारत गेलं की वर्ष हळूहळू जागेवर येतं.

आणि मग एका मॅडमनी आणलेली मुलाखत आली. गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतल्या आजींची. मॅडमनी विचारलं होतं, ‘आजी, विहिरीला पाणी होतं का?’ आजी म्हणाल्या, ‘पानी हुतं की इहिरीत. पर आमास्नी काढू देत न्हवते. कुनी वाढंल तवा घ्यायचं. कवा दुपार व्हायची.’

वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. पाण्याचा दुष्काळ नव्हता हे वाक्य कुणापुरतं खरं होतं, हे आता सगळ्यांना दिसत होतं. दलितांनाही गावच्या सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता यावं म्हणून डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली तीही १९७२च्याच सुमाराला. ते आम्हाला माहीत होतं, शिकवलंही होतं. पण आमच्या तालुक्यातल्या विहिरीशी त्याचा संबंध आम्ही जोडलेला नव्हता.

एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, ‘सर, हे पोरांनी वहीत लिहिलं तर गावात वाद होईल. गाळलेलं बरं.’ त्यांची काळजी खोटी नव्हती. गावात राहायचं त्यांनाच होतं. आम्ही त्यावर मोकळेपणाने बोललो. कुणाचं आडनाव येणार नाही, विहिरीची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, आजींना लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि त्यांनी होकार दिला तरच ठेवायचं, असं ठरलं. पण गाळायचं नाही. इतिहासाचा शिक्षक गैरसोयीची साक्ष गाळायला शिकवू लागला, तर बाकीचं सगळं प्रशिक्षण वाया गेलं, असं मला मनापासून वाटतं, आणि मी ते तसंच बोलून दाखवलं. मॅडमनी वाचून दाखवल्यावर आजींनी आणखी दोन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या.

स्वतःचा प्रकल्प पुरा केलेले शिक्षक वर्गात गेले तेव्हा फरक लगेच जाणवला. मूल अडलं की पूर्वी आम्ही उत्तर देऊन मोकळे व्हायचो. आता ‘हे तुला कुणी सांगितलं? ते तिथे होते का? दुसऱ्या कुणाला विचारलंस?’ असे प्रश्न येऊ लागले. चित्रांना गुण कमी केले. मुलाने किती जणांना विचारलं, दोन साधनं जुळली नाहीत तेव्हा काय केलं, याला जास्त दिले. दर आठवड्याला मुलाने एक पान नोंदवही दाखवायची, त्यामुळे शेवटच्या रात्री उतरवून काढायची सोयच उरली नाही. पालकांच्या तक्रारी आल्या, प्रकल्प ‘साधा दिसतो’ म्हणून. शिक्षकांनी त्यांना मुलाखतींची पानं वाचायला दिली.

वह्यांची एक प्रत आता शाळेच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवली जाते. पुढच्या तुकडीचा प्रश्न मुलांनीच दिलाय: गावात हातपंप पहिल्यांदा कधी आला, कुठल्या आळीत बसवला आणि तिथेच का? या वेळी शिक्षकांच्या आधी मुलांनी जिल्हा पुस्तिका मागितली आहे.